बघ्यांचे डोळे

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बहुतेक वर्तमानपत्रांत एक चौकट छापून येते. सुती कपडे घाला, पाण्याची बादली जवळ ठेवा, फटाका हातात धरून लावू नका, न फुटलेल्या फटाक्यावर वाकू नका, मुलांना एकटे सोडू नका. यांतली एकही सूचना चुकीची नाही. पण ही सगळी चौकट एकाच माणसासाठी लिहिलेली असते. तो म्हणजे हातात उदबत्ती घेऊन वातीशी वाकलेला माणूस. त्याच्या मागे दहा पावलांवर उभी असलेली मुलगी, दूध आणायला निघालेले आजोबा, कोपऱ्यावरून स्कूटर वळवणारी बाई यांना त्या चौकटीत जागा नसते. त्यांनी कोणती काळजी घ्यायची? त्यांनी तर काहीच पेटवलेले नसते.

हा प्रश्न कडेचा नाही. फटाक्यांमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या इजांवर जगभर झालेल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा डच नेत्रतज्ज्ञांनी २०१० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध केला. जखमींपैकी ४७ टक्के लोक निव्वळ बघे होते, असे त्यांना आढळले. बहुतेक इजा किरकोळ आणि तात्पुरत्या होत्या, हे खरे. पण सुमारे सहांपैकी एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याच आढाव्यातला आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फटाक्यांवर कडक कायदेशीर निर्बंध असलेल्या देशांत अशा इजांचे प्रमाण इतर देशांपेक्षा ८७ टक्क्यांनी कमी होते. त्या देशांतले लोक जन्मतः अधिक सावध असतात असे कोणी म्हणणार नाही. तिथली व्यवस्था वेगळी होती, एवढेच.

या लेखात मला जे मांडायचे आहे ते या दोन आकड्यांमध्ये आहे. सणासुदीत डोळे जपणे ही ज्याची त्याची खासगी सावधगिरी आहे, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत निम्म्या जखमींना लागूच पडत नाही. बघ्याचा डोळा वाचवायचा असेल तर आग, दोरा आणि रसायन यांची जागा, अंतर आणि विक्री यांचाच बंदोबस्त करावा लागेल. ते काम सगळ्यांनी मिळून करायचे आहे.

आपल्याकडे हिवाळ्यातल्या सुट्ट्यांचा काळ वसुबारसेला सुरू होतो आणि संक्रांतीला संपतो. दिवाळीची शालेय सुट्टी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, नाताळ, एकतीस डिसेंबरची रात्र आणि शेवटी गच्चीवरचे पतंग. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे फटाके भरलेले नरकासुराचे पुतळे जळतात आणि वर्ष सरताना ‘ओल्ड मॅन’ जाळला जातो. आनंदाचे, भेटीगाठींचे असे हे दिवस आहेत. मुले घरी असतात, रस्त्यावर असतात, आणि मोठ्यांचे लक्ष पाहुण्यांत, स्वयंपाकात, खरेदीत विभागलेले असते. डोळ्याला धोका पोहोचवणाऱ्या गोष्टीही याच दिवसांत हातात येतात.

डोळ्याच्या रचनेत संरक्षणाची काही व्यवस्था आहे. भुवईचे आणि गालाचे हाड पुढे आलेले असते, त्यामुळे मोठ्या चेंडूचा किंवा मुठीचा आघात बराचसा हाडावर जातो. पापणी आहे, अश्रू आहेत. पण नेत्रगोलाचा व्यास जेमतेम २४ मिलिमीटर आणि त्याच्या समोरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, मध्यभागी फक्त अर्धा मिलिमीटर जाड. पापणी मिटायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. धूळ, माशी, वाऱ्याची झुळूक यांच्यासाठी हा वेग पुरतो. स्फोटाने उडालेल्या तुकड्यापुढे तो पुरत नाही. जवळून आलेला तुकडा पापणी हलण्याआधीच डोळ्यावर आदळलेला असतो. हाडाची कडा ओलांडून आत शिरण्याइतका तो लहानही असतो. म्हणून ‘डोळे पटकन मिटले असते तर’ या हळहळीला काही अर्थ नाही. मिटायला वेळच मिळत नाही.

सुतळी बॉम्बवर पत्र्याचा डबा, नारळाची करवंटी किंवा मडके उपडे घालण्याची हौस अनेक गल्ल्यांत असते. आवाज मोठा येतो, डबा उंच उडतो. पण फटाक्याच्या कागदाऐवजी आता पत्रा आणि खापर उडते. बाटलीतून सोडलेला बाण बाटली कलंडली की आडवा जातो. फुलबाजी सर्वांत निरुपद्रवी समजून अगदी लहान मुलांच्या हाती दिली जाते. तिच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातातली फुलबाजी शेजारच्या तेवढ्याच उंचीच्या मुलाच्या थेट चेहऱ्यासमोर असते.

इजा झाली की काय होते, हेही नीट समजून घ्यायला हवे, कारण बाहेरून दिसते ते नेहमी पूर्ण नसते. बोथट मार बसला तर डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साकळते. नेत्रभिंग गढूळ होऊन दहा वर्षांच्या मुलाला मोतीबिंदू होऊ शकतो. मागचा दृष्टिपटल फाटू किंवा सुटू शकतो. आणि डोळ्यातले पाणी जिथून निचरते तो कोन मारामुळे बिघडला असेल, तर काही वर्षांनी काचबिंदू सुरू होतो. तोपर्यंत घरचे ती दिवाळी विसरून गेलेले असतात. म्हणून डोळ्याला एकदा जोराचा मार बसला, की लाली उतरल्यानंतरही दरवर्षी डोळ्यातला दाब तपासून घ्यायला हवा. तुकडा आत घुसून डोळा फुटला असेल, तर क्वचित दुसऱ्या, निरोगी डोळ्यालाही शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सूज आणते. एका डोळ्याची दुखापत अशा वेळी दोन्ही डोळ्यांची होते.

२०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर काही शहरांत जे घडले, त्याने या धोक्याला नवे रूप दिले. प्लास्टिकच्या नळीचे तुकडे जोडून, मागे गॅसचा लायटर बसवून केलेली ‘कार्बाइड गन’ रस्त्याकडेला दीड-दोनशे रुपयांना विकली जात होती. शेतातून माकडे आणि पाखरे हाकलायला वापरली जाणारी ही युक्ती समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींतून मुलांपर्यंत पोहोचली. काही दिवसांत शंभराहून अधिक जण डोळ्यांच्या इजा घेऊन रुग्णालयांत आले. त्यांत मुले आणि तरुण मोठ्या संख्येने होते. काहींची दृष्टी गेली. अनेकांच्या बाबतीत क्रम तोच होता. खटका दाबला, बार झाला नाही, म्हणून नळीत डोकावून पाहिले आणि त्या क्षणी बार झाला.

या नळीत भरलेला पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागले की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे उरते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे फक्की चुना. ॲसिटिलीनचा स्फोट होतो तेव्हा उष्णता, आघात आणि चुना तिन्ही एकदम डोळ्यावर येतात. आणि डोळा तर कायम ओला असतो. उडालेले कार्बाइडचे कण अश्रूंत मिसळून तिथेच नवा चुना तयार करतात. आम्ल डोळ्यात गेले तर ते पृष्ठभागावरची प्रथिने गोठवते आणि त्या गोठलेल्या थरामुळे पुढची इजा काहीशी अडते. अल्क, म्हणजे चुन्यासारखा पदार्थ, पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत आत जातो. आग विझली तरी त्याचे काम चालूच राहते.

त्याने होणारे सर्वांत मोठे नुकसान काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर होते. पारपटलाचा वरचा थर सतत झिजतो आणि सतत नवा होतो. तो नवा करणाऱ्या मूळ पेशी या सीमेवरच्या अरुंद कड्यात असतात. हे कडे जळाले की पारपटलावर पांढरा पडदा आणि रक्तवाहिन्या पसरतात. अशा डोळ्यात नेत्रपेढीतून मिळालेले पारपटल नुसते बसवले तरी ते टिकत नाही, कारण त्याची निगा राखणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी आणि थोर शस्त्रक्रिया विकसित केली आणि २०१२ साली ती जगासमोर मांडली. रुग्णाच्या निरोगी डोळ्याच्या कड्याचा छोटासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि ते गर्भवेष्टनाच्या पातळ पडद्यावर, जखमी डोळ्यावर मांडायचे. महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. भारतातल्या गरीब रुग्णांना परवडेल अशी ही पद्धत आता इतर देशांतही वापरली जाते. पण तिची एक अट आहे: दुसरा डोळा शाबूत हवा. नळीत डोकावणाऱ्या मुलाचे दोन्ही डोळे जळाले, तर घ्यायचे कुठून?

भोपाळच्या घटनेकडे ‘जुगाडू खेळण्याचा अपघात’ म्हणून पाहणे पुरेसे नाही. कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी मनाई आहे, तरी तो बाजारात सहज मिळतो. मध्य प्रदेशात या नळ्यांविरुद्ध कारवाईच्या सूचना दिवाळीच्या आधीच दिल्या गेल्या होत्या. जोरदार कारवाई झाली ती मुले जखमी झाल्यावर. चौदा वर्षांच्या मुलाने रसायनशास्त्र ओळखून ती नळी नाकारावी, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. ती नळी त्याच्या हाती पोहोचू न देणे हे प्रौढांचे काम होते.

चुन्याचा धोका आपल्याकडे काही नवा नाही. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलाने खेळताना दाबली, ती फुटली आणि चुना डोळ्यात उडाला, हे भारतात मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांचे एक प्रमुख कारण आहे. सुट्टीत आजोळी गेलेल्या मुलांच्या हाताला आजी-आजोबांचा पानाचा डबा सहज लागतो. तो वरच्या फळीवर ठेवणे ही मात्र खरोखर ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट आहे, आणि ती आजच करता येते.

संक्रांतीच्या मांजाची कथाही याच वळणाने जाते. काचेची भुकटी लावलेला दोरा जुना आहे. पण सुती दोरा ताणला की तुटतो, नायलॉनचा तुटत नाही, कापत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये नायलॉन आणि अन्य कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. त्यानंतरही नागपूर, नाशिक, येवला अशा पतंगाच्या गावांत दर जानेवारीत गळा, पापणी, पारपटल चिरल्याच्या बातम्या येतात. जखमी कोण? बहुधा दुचाकीवरून जाणारा माणूस. पतंग उडवणारा गच्चीवर असतो, सुरक्षित. म्हणजे इथेही धोका निर्माण करणारा एक आणि डोळा गमावणारा दुसरा. दुचाकीस्वाराने जानेवारीत हेल्मेटची काच खाली ओढूनच गाडी चालवावी, हे मी आग्रहाने सांगेन. पण त्याच्या पुढे बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीला हेल्मेटच नसते. लग्नाच्या वरातींत आणि मिरवणुकांत नाचणारे लेसरचे झोतही याच जातीचे. त्यांचा किरण थेट डोळ्यात गेला तर डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते आणि तिथे भाजते. बघणाऱ्याला वेदना जाणवेलच असे नाही. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात अशा झोतांना मनाई केली. लग्नसराईलाही ती मनाई का असू नये?

इथे परंपरेचा मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. फटाक्यांशिवाय दिवाळी म्हणजे दिवाळीच नव्हे, असे मनापासून वाटणारी असंख्य माणसे आहेत. त्यांच्या भावनेची मला कदर आहे. म्हणूनच परंपरा नेमकी काय होती हे पाहायला हवे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले विद्वान प. कृ. गोडे यांनी इ.स. १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय दारूकामाचा इतिहास साधार मांडला आहे. तोफेच्या दारूबरोबर शोभेची दारू आपल्याकडे आली आणि रुजली; एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तल्या लग्नातही तिचे वर्णन आहे. गोड्यांनी पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग दिला आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगतात. तिथला राजा नगराबाहेर दारूची लंका उभारतो, रावण, राक्षस, वानर, हनुमान सगळे दारूचे करतो, आणि मग ती लंका पेटते. ते ऐकून पेशव्यांनी तसाच खेळ पुण्यात करायला सांगितले. तो झाला पर्वतीच्या पायथ्याशी, आणि पेशव्यांनी तो पर्वतीवरून पाहिला.

या प्रसंगातली मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. आग नगराबाहेर, मोकळ्या जागी. पेटवणारे हात जाणकारांचे. पाहणारे दूर आणि उंचावर. आजही अनेक गावांच्या जत्रांत शोभेचे दारूकाम होते तेव्हा हीच पद्धत पाळली जाते. घराच्या दारात, वाहनांच्या गर्दीत, तारांखाली, प्रत्येकाने आपापला फटाका फोडण्याची रीत तुलनेने अलीकडची आहे. कारखान्यातला स्वस्त माल शिवकाशीहून गावोगावच्या दुकानांत पोहोचू लागला तेव्हा ती सार्वत्रिक झाली. तेव्हा फटाके गल्लीतून मैदानात न्या असे म्हणणारा माणूस परंपरा मोडत नाही. उलट तो तिच्या जुन्या, शहाण्या रूपाकडे बोट दाखवत असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी अर्जुन गोपाल खटल्यात दिलेला आदेश लोकांना दोन गोष्टींसाठी आठवतो: दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ आणि कमी प्रदूषण करणारे ‘हरित’ फटाके. त्याच आदेशात एक तिसरी गोष्ट होती, जिची चर्चा फारशी झाली नाही. फटाके सामुदायिक रीतीने, आधी ठरवून दिलेल्या जागीच वाजवण्याची व्यवस्था दिल्ली परिसरात करावी आणि इतर राज्यांनीही तिची शक्यता तपासावी, असे न्यायालयाने सांगितले होते. न्यायालयापुढचा प्रश्न मुख्यतः हवेचा, म्हणजे फुप्फुसांचा होता. पण हा तिसरा उपाय सर्वांत जास्त उपयोगी पडला असता तो डोळ्यांना. हरित फटाका धूर कमी करतो. तो उडवलेला तुकडा डोळ्याला तितकाच घातक असतो. आवाजाच्या नियमातही तीच उणीव आहे. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज नको, असे नियम सांगतो. चार मीटर हे आवाज मोजायचे अंतर झाले. माणसाने किती दूर उभे राहावे, याचे ते उत्तर नव्हे. कान आणि फुप्फुसे यांना कायद्याच्या भाषेत जागा मिळाली. डोळ्यांना अजून मिळायची आहे.

नेदरलँड्समध्ये ती मिळाली, कारण तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी पाठपुरावा केला. डच लोकांची आतषबाजी एकतीस डिसेंबरच्या रात्रीची. घरोघरी, रस्तोरस्ती, अगदी आपल्या लक्ष्मीपूजनासारखी. तिथले डोळ्यांचे डॉक्टर वर्षानुवर्षे दर नववर्षाला जखमी डोळ्यांची नोंद करत राहिले: वय काय, पेटवणारा की बघा, दृष्टी किती उरली. या नोंदीतून तेच दिसले, की जवळजवळ निम्मे जखमी बघे आहेत. फटाक्यांबरोबर संरक्षक चष्मे वाटण्याची मोहीमही झाली. तिचा उपयोग झाला, पण रस्त्यावरच्या वाटसरूला कोण चष्मा घालणार? २०२० साली बाण आणि मोठ्या आवाजाच्या फटाक्यांवर बंदी आली. करोनाच्या दोन वर्षांत घरगुती फटाक्यांवर सरसकट बंदी होती तेव्हा डोळ्यांच्या इजा एकदम घसरल्या. बंदी उठली तशा त्या पुन्हा वाढल्या. अखेर २०२५ मध्ये डच संसदेच्या दोन्ही सभागृहांनी घरगुती आतषबाजीवर बंदीचा कायदा मंजूर केला. त्याच कायद्यात नागरिकांच्या संघटित गटांना महापौरांच्या परवानगीने सामुदायिक आतषबाजी करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. शेजारच्या देशांतून चोरटा माल येणे तिथेही थांबलेले नाही. पण एका समाजाने आपल्या सर्वांत लाडक्या रात्रीकडे पाहिले, मोजणी केली आणि निर्णय घेतला.

फक्त आमच्याच सणांवर बंधने का, असा सवाल करणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे. डचांनी दुसऱ्या कोणाचा सण आवरला नाही. स्वतःचाच नीट लावून घेतला. दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो खरा आहे. शिवकाशीची हजारो कुटुंबे या धंद्यावर जगतात. सामुदायिक दारूकामालाही माल लागतो, कारागीर लागतात, प्रशिक्षित माणसे लागतात. बदल टप्प्याटप्प्याने आणि आधी सांगून केला तर धंद्याला वळायला वेळ मिळतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: सामुदायिक खेळातही मोठे अपघात होतात. १० एप्रिल २०१६ रोजी केरळातल्या पुट्टिंगल मंदिरात शंभराहून अधिक माणसे गेली. तिथे स्पर्धात्मक आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती आणि तरीही ती झाली. त्यावरून मैदानाची कल्पना चुकीची ठरत नाही. परवाना, साठ्यावर मर्यादा आणि अंतर यांच्याशिवाय मैदान म्हणजे मैदान नव्हे, एवढे मात्र ठरते.

मग महाराष्ट्रात काय करता येईल? प्रत्येक प्रभागात आणि गावात लक्ष्मीपूजनाच्या व भाऊबीजेच्या संध्याकाळी एक मैदान ठरवावे. दोरी बांधून बघ्यांची रेषा आखावी, पेटवणारी माणसे मोजकी आणि प्रौढ असावीत, त्यांच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचे संरक्षक चष्मे असावेत. हा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगच्या कामासाठी मिळतो, महाग नसतो. आयएस ५९८३ हे त्याचे भारतीय मानक आहे. नेहमीचा नंबरचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याच्या बाजू उघड्या असतात. मोठ्या गृहसंकुलांना तर हे याच वर्षी जमण्यासारखे आहे. वर्गणी काढून एक चांगला खेळ, बाकी आवारात फटाका नाही. कार्बाइडच्या किरकोळ विक्रीची आणि नायलॉन मांजाच्या गोदामांची झडती सणाच्या महिनाभर आधी व्हावी. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने सणातल्या डोळ्यांच्या इजांची नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी, म्हणजे पुढच्या वर्षीचा निर्णय त्या नोंदीवरून घेता येईल.

आणखी एक गोष्ट नेत्रतज्ज्ञांच्या जिल्हा संघटनांकडे मागायला हवी. दिवाळीच्या चार दिवसांत दवाखाने बंद असतात. जखमी मूल घेऊन बाप एका कुलपावरून दुसऱ्या कुलपावर जातो, आणि फुटलेल्या डोळ्याला किंवा जळालेल्या कड्याला तास महत्त्वाचे असतात. कोणत्या दिवशी कोणता दवाखाना उघडा, शस्त्रक्रियेची सोय कुठे, याची पाळीची यादी वसुबारसेआधी प्रत्येक तालुक्यात लागली पाहिजे.

तोवर घराघरांत दोन गोष्टी ठाऊक हव्यात. डोळ्यात चुना, कार्बाइड किंवा कोणतेही रसायन गेले तर उपचाराची सुरुवात त्याच जागी होते. दिसणारे कण स्वच्छ कापडाच्या टोकाने झटकन काढा, पापण्या उघड्या धरून नळाच्या स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे, शक्यतो अर्धा तास डोळा धुवा आणि मगच निघा. धुण्याआधी दवाखाना शोधण्यात घालवलेली दहा मिनिटे कोणताही डॉक्टर परत देऊ शकत नाही. उलट तुकडा लागला असेल, डोळा फुटल्याची शंका असेल, तर धुऊ नका, चोळू नका, दाबू नका, घुसलेले काही ओढून काढू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर न टेकवता कडेने चिकटवा, रुग्णाला काही खायला देऊ नका कारण भूल द्यावी लागू शकते, आणि थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जा. दूध, मध, तूप, गुलाबपाणी, टूथपेस्ट, औषधांच्या दुकानातून स्वतःच आणलेले थेंब यांतले काहीही नको.

मराठी दिवाळीला आणखी एक परंपरा आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून आपला हा सण वाचनाचाही झाला. किल्ले, रांगोळ्या, आकाशकंदील, अंक: या सणातले बहुतेक सगळे डोळ्यांनी घ्यायचे आहे. ज्या सणाचा आनंद इतका डोळ्यांवर अवलंबून आहे, त्याने दर वर्षी काही मुलांचे डोळे घ्यावेत आणि आपण त्याला नशीब म्हणावे, हे मला मान्य नाही. ज्याने काही पेटवलेले नाही त्याने कसे जपावे, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. ते पेटवणाऱ्याने, विकणाऱ्याने, परवाना देणाऱ्याने आणि सोसायटीच्या, ग्रामसभेच्या बैठकीत हात वर करणाऱ्या आपण सर्वांनी द्यायचे आहे. दिवाळीची वर्गणी ठरवायला जमू, त्याच बैठकीत मैदान ठरवावे.